सुईच्या आधीचं काम

नर्सबाई म्हटलं की आपल्याकडे आधी सुई आठवते. पोर ऐकेना की 'थांब, नर्सबाईला बोलावते' म्हणून धाक घालायचा, आणि तेच पोर तापलं की आज्जीनेच आरोग्य केंद्रात जाऊन म्हणायचं, 'एक सुई टोचा की बाई, तापच उतरंना झालाय.' लहान मुलांच्या प्राथमिक शुश्रूषेत सुईचं काम बहुतेक लसीपुरतंच असतं. बाकी सगळं काम बघण्याचं, मोजण्याचं, आईचं ऐकून घेण्याचं आणि पुन्हा कधी यायचं ते नीट सांगण्याचं. त्यातलं बरंचसं घरच्यांना शिकता येतं. म्हणून हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची या बेळगावजवळच्या वेंगुर्ला रोडच्या आसपासच्या गावांतल्या आया, आज्ज्या आणि वडीलही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. नव्याने कामाला लागलेल्या एखाद्या सिस्टरला उपयोग झाला तर चांगलंच.

या पट्ट्यातल्या पुष्कळ बाळांची सुरुवातच दोन राज्यांत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर चंदगड, आजरा नाहीतर गडहिंग्लजकडचं. बाळ महाराष्ट्रात जन्मतं, तिथल्या दवाखान्याचं माता-बाल कार्ड मिळतं, आणि तीन-चार महिन्यांनी पाळण्यासकट स्वारी कर्नाटकात सासरी येते. इथे कार्ड वेगळं, त्याला 'तायी कार्ड' म्हणतात, आणि त्यावरचा मजकूर कन्नडमध्ये. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात यायचं असतं. नेमकं या फेऱ्यांच्या मधल्या काळात बाळ गाव बदलतं. माहेरच्या आशाताईंना वाटतं सासरी गेलं, सासरच्या आशाताईंना बाळ आल्याचा पत्ताच नाही. यादी दोन्हीकडे नीट ठेवलेली असूनही बाळ दोन्ही याद्यांतून निसटतं. लस चुकलेल्या मुलांच्या घरी विचारलं तर आळसापेक्षा ही फट जास्त वेळा सापडते.

उपाय साधा आहे. माहेरून निघायच्या आदल्या दिवशी कार्डाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सासरी आल्या आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडीताई, दोघींना बाळाचं नाव सांगा. लसीची नोंद आता यू-विन या देशभरच्या यंत्रणेत होते. दोन्हीकडे एकच मोबाइल नंबर द्या, म्हणजे मागची नोंद इथे सापडते. वेळापत्रक राष्ट्रीय असल्यामुळे मुख्य लसी दोन्ही राज्यांत त्याच. कार्डावरचं कन्नड वाचता येत नसेल तर लाजायचं कारण नाही. सिस्टरना पुढची तारीख आणि वजन ठळक आकड्यांत लिहायला सांगा. बहुतेक सिस्टर कामापुरतं मराठी बोलतात. त्यांनी काही सांगितलं की ते आपल्या शब्दांत परत सांगून दाखवा, 'म्हणजे दिवसातून तीन वेळा, आणि शुक्रवारी परत यायचं, बरोबर?' सूचना खरोखर पोचली का, हे तपासायचा याहून चांगला मार्ग नाही. सिस्टर मंडळींनीही 'कळलं का?' असं विचारू नये. त्याला उत्तर नेहमी 'होय' असंच येतं.

एखादी लस राहून गेली म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. बीसीजी १ वर्षाचं होईपर्यंत देता येते, गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत. साधी सर्दी किंवा एखाद-दुसरा पातळ जुलाब हे लस पुढे ढकलायचं कारण होत नाही. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. टोचलेली जागा चोळू नका, हळद-तेल लावू नका. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. तो कसा हाताळायचा ते त्याच वेळी विचारून घ्या, म्हणजे रात्री शेजारणीचा सल्ला लागत नाही.

लसीच्या दिवसाबद्दल माझं एक ठाम मत आहे. आपण मूल आजारी पडलं की दवाखान्यात नेतो, पण मूल बरं असतानाची भेट जास्त मोलाची. त्या दिवशी मूल रडत नसतं, आई घाबरलेली नसते आणि सिस्टरला मूल मुळात कसं आहे ते दिसतं. आजारी मूल ओळखायला आधी तेच मूल बरं असताना पाहिलेलं असावं लागतं. आईला हे आपोआप जमतं. 'काहीतरी वेगळं वाटतंय' असं आई म्हणते तेव्हा ते वाक्य कागदावर लिहून घेण्याइतकं महत्त्वाचं असतं.

त्या भेटीत वजन करून घ्याच. वजनाच्या आकड्यापेक्षा तक्त्यावरची रेघ कुठे चालली आहे ते बघायचं. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या महिन्याच्या आसपास ते जन्मवजनाच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून उगाच सुनेला बोलणी बसतात. बारीक चणीचं बाळ आपल्या रेघेने वर चढत असेल तर ते ठीक आहे, आणि बाळसेदार बाळाची रेघ लागोपाठ दोन महिने आडवी राहिली तर चौकशी करायला हवी. सहा महिन्यांनंतर अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजतात आणि त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरना दाखवायचं असतं. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर आहार वाढवून पाठोपाठ मोजत राहायचं.

आहाराचं म्हणाल तर सहा महिने आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. त्यानंतर आपल्या चुलीवर जे आहे तेच: मऊ भात, घट्ट वरण, वर तूप, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, अंडं. वरणाचं पाणी पाजून पोट भरतं पण अंग भरत नाही, वाटीतलं अन्न चमच्यावरून ओघळू नये इतकं घट्ट हवं. बेळगावचा कुंदा थोरांनी खावा. लोहाचं औषध ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायची सरकारी योजना आहे, त्याची बाटली आशाताईंकडे मागा. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

नर्सने मुलांची प्राथमिक तपासणी स्वतः करायची ही कल्पना काही फार जुनी नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने १९६५ मध्ये त्यासाठी खास अभ्यासक्रम काढला. कारण आपल्या ओळखीचंच होतं, खेड्यापाड्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आशाताईंच्या ज्या घरभेटी वर सांगितल्या, त्यांचं मूळ तिथे आहे. खुद्द बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने जिल्ह्यातल्या बाळंतपणं करणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांना, न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास कसा द्यायचा ते शिकवलं. त्यानंतर मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ वर आल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. 'मेलेलंच जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेल्या काही बाळांना मदतीची गरज होती, असाच त्याचा अर्थ. तज्ज्ञ डॉक्टर लागतातच, पण शिकलेली नजर बाळाच्या जवळ असली तर तज्ज्ञाकडे पोचेपर्यंत बाळ तग धरतं.

ही नजर आजारी मुलाकडे कशी बघते ते सांगते. पहिला नियम, हात लावायच्या आधी बघा. मूल आईच्या मांडीवर शांत असताना जे दिसतं ते स्टेथोस्कोप टेकवल्यावर रडण्यात बुडून जातं. खोकला असेल तर श्वास मोजा. सदरा वर करा, बाळाच्या पोटाकडे आणि छातीकडे एकदम दिसेल असं बसा, मोबाइलवर १ मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका, तान्ह्यांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. दूध पीत असताना किंवा रडत असताना मोजलेलं धरायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेवढाच आला तर लगेच हॉस्पिटल. २ महिने ते १ वर्ष, ५० किंवा जास्त. १ ते ५ वर्षं, ४० किंवा जास्त. हे न्युमोनियाचं पहिलं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा काहीही असो, थांबू नका. छातीत घरघर ऐकू येते म्हणून घाबरून येणाऱ्या आया पुष्कळ असतात. नाक चोंदलं तरी घरघर होते. श्वासाचा वेग आणि छातीचं ओढणं या दोन गोष्टी आवाजापेक्षा जास्त खरं सांगतात.

आणि चार गोष्टी अशा आहेत की त्यातली एकही दिसली तर रात्र असो, पाऊस असो, निघायचं: मूल काही पिईना किंवा अंगावर घेईना, जे पोटात जाईल ते सगळं ओकून टाकतंय, झटके आले, किंवा मूल ग्लानीत आहे, हाक मारली तरी नजर देत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप हीसुद्धा धोक्याचीच खूण. काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा वर गेला की औषध पाजून वाट बघायची नाही. उलट अंग गार पडलं तरी तितकंच गंभीर.

गार पडण्याचा विषय आपल्याकडच्या पावसात निघायलाच हवा. जूनपासून घरं ओली, कपडे वाळत नाहीत, आणि बाळंतिणीची खोली बंद करून आत शेगडी. ऊब हवी हे आज्जीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मार्ग मात्र बदलायला हवा. बंद खोलीतल्या कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि धुरीने तान्ह्याची छाती भरते. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. दोन्ही उबदार असले तर छान. पोट उबदार आणि पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागलं तर परिस्थिती गंभीर. ऊब देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे उघडं बाळ, डोक्याला टोपडं, लंगोट, आणि आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून पांघरूण. कांगारू मदर केअर म्हणतात ती हीच. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ही रीत सुरू केली आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ती आज जगभर वापरतात. आई दमली तर बाबा किंवा आज्जीही बाळाला असं धरू शकतात. पहिली आंघोळ एक दिवस तरी लांबवा. नाळ कोरडी ठेवा, त्यावर हळद, तेल, राख काही नको. कानानाकात तेल नको. घुटी आणि मध तर नकोच, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा, डोळ्यांत काजळ घालू नका.

कावीळ बहुतेक बाळांना थोडी होते. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आला, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, दाखवायला न्या.

जुलाबाच्या बाबतीत घरच्यांच्या हातात जवळपास सगळंच असतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला तेव्हा बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. ओआरएसचं जे पाकीट आशाताई फुकट देतात, त्याचं तत्त्व तेच आहे. चूक होते ती पाण्याच्या मापात. १ लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून 'जरा स्ट्राँग' करून पाजलं तर शरीरातलं मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात. तांब्याचा अंदाज नको. पाण्याची १ लिटरची बाटली धुऊन घ्या, उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरा, ते पातेल्यात ओता आणि अख्खं पाकीट एकदम त्यात टाका. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. २४ तासांनी उरलेलं फेका. सोबत झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची एक, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. दुकानात खोक्यात मिळणारी गोड पेयं ओआरएस म्हणून खपत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना हे नाव वापरायला मनाई केली, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. रक्त पडलं, डोळे खोल गेले, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.

तापाच्या औषधात एक सापळा आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या एका सिरपमध्ये ५ मिलीला २५०. मुलाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ८ किलोच्या मुलाला ८० ते १२०. साध्या सिरपचे ४ मिली झाले किंवा थेंबांच्या बाटलीतलं १ मिली. आता कुणी 'एक चमचा दे' म्हणालं आणि घरात थेंबांची बाटली असली तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. चमचा हे माप घरातून हद्दपार करा, बाटलीवरची ताकद वाचा आणि वजनावरून मिलीत लिहून घ्या. दोन डोसांत सहा तास ठेवा. खोकल्याच्या सिरपबद्दल तर २०२५ मध्ये छिंदवाड्याला विषारी सिरपने मुलं दगावल्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्टच सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊच नयेत आणि पाचच्या आत सहसा देऊ नयेत. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला, हा तर आपला आवडता उद्योग. ती ओतून टाका.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जातो तो वेळ फुकट. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

बोलण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि ते सीमाभागातच सांगावं लागतं. मूल दीड वर्षाचं झालं, एक शब्द नाही, तरी घरचे म्हणतात, 'घरात मराठी, बाहेर कन्नड, टीव्हीवर हिंदी, गोंधळलंय ते. बोलेल हळूहळू.' दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं राहत नाही. सगळ्या भाषा धरून शब्द मोजा. वर्षाचं बाळ बा-बा, दा-दा करेना, हाक मारल्यावर वळेना, किंवा १६ महिन्यांनाही एक शब्द बोलेना, तर पहिली शंका भाषेवर न घेता कानावर घ्या आणि श्रवण तपासणी करून घ्या. दोन महिन्यांत ओळखीचं हसू, चार महिन्यांत मान, नऊपर्यंत आधाराविना बसणं, दीड वर्षात चालणं, यातलं काही मागे पडलं तरी तपासून घ्या. यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरला त्याची सुरुवात झाली आणि कर्नाटकातही त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत. पथक येऊन गेलं त्या दिवशी तुमचं मूल मामाच्या गावी चंदगडला असेल, तर पुढच्या फेरीची वाट न बघता अंगणवाडीताईंकडून पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घ्या आणि मुलाला बेळगावला सिव्हिलमध्ये नेऊन दाखवा.